क तुकडीची बाई

मी शाळेत लागले तेव्हा मला पहिली क मिळाली. नवीन बाईला क मिळते, हे कुणी सांगावं लागत नाही. अ सगळ्यांत ज्येष्ठ बाईंची, ब त्यांच्या पाठच्यांची, उरलेली नव्या माणसाची. पहिलीला घेतलेली पोरं चौथीपर्यंत न्यायची, पाचवीला दुसऱ्या शाळेत सोडायची आणि परत खाली पहिलीला यायचं. अशा माझ्या चार फेऱ्या झाल्या, म्हणजे सोळा वर्षं. मधल्या काळात मी नवीन राहिले नाही, पण क काही सुटली नाही. "तुम्ही छान सांभाळता हो त्यांना," असं प्रत्येक वेळी सांगितलं जायचं. कौतुक म्हणून घ्यायचं की काय, ते मला कधी कळलं नाही.

शाळा कोल्हापुरातल्या एका जुन्या पेठेतली, अनुदानित, पहिली ते चौथी, प्रत्येक इयत्तेच्या तीन तुकड्या. नाव सांगत नाही. पुढं जे लिहिलंय त्यात शाळेचं सगळंच कौतुकाचं नाही.

गेल्या वर्षी आम्हाला नवीन मोठ्या बाई आल्या. एप्रिलच्या शेवटी निकालपत्रकांचा ढीग माझ्या टेबलावर असताना त्यांनी आत बोलावलं आणि म्हणाल्या, "यंदा पहिलीच्या तुकड्या तुम्ही पाडा."

मी म्हटलं, "ते तर ऑफिसात पडतात."

"कशा पडतात, तेवढं आधी बघून या."

बघायला फार काही नव्हतंच. आमचे क्लार्कभाऊ जनरल रजिस्टर उघडायचे. दाखल नंबरानं पहिली बत्तीस मुलं अ, पुढची बत्तीस ब, राहिली ती क. कुणाचा वशिला नाही, कुणावर अन्याय नाही, भांडणाला जागा नाही. भाऊंना या पद्धतीचा अभिमान होता आणि तो खोटा नव्हता. गुणांवर तुकड्या पाडणाऱ्या शाळेत मी स्वतः शिकलेय. माझी थोरली बहीण अ मध्ये, मी ड मध्ये. शिष्यवृत्तीचे जादा तास फक्त अ ला. त्यापेक्षा दाखल नंबर शंभरपट बरा, असं मीही मानत होते.

मग मी मागच्या काही वर्षांची रजिस्टरं काढून बसले. दाखल नंबर, जन्मतारीख, वडिलांचा व्यवसाय, पत्ता. दोन दुपारी गेल्या. तिसऱ्या दुपारी लक्षात आलं की सोळा वर्षं जे मी रोज वर्गात बघत होते, ते इथं ओळीनं लिहून ठेवलंय.

आमच्याकडं पाडव्याला नाव घालायची रीत आहे. जिल्हा परिषदेच्या शाळा तर 'गुढीपाडवा, पट वाढवा' म्हणत घरोघर फिरतात. जरगनगरच्या मनपा शाळेत नाव घालायला पालक आदल्या रात्रीपासून रांगेत बसतात, हे कोल्हापुरात सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्याकडं तेवढी गर्दी नसते, पण पहाटे पाचला गेटवर पंधरा-वीस माणसं असतात. ही माणसं कोण? ज्यांना तारीख माहीत आहे, ज्यांच्याकडं मुलाचा जन्मदाखला लॅमिनेट करून फाइलीत लावलेला आहे, ज्यांच्या घरात सणाच्या सकाळी पुरणाकडं बघायला दुसरी बाई आहे. ही पोरं दोन-तीन वर्षं बालवाडीत जाऊन आलेली असतात. ती अ मध्ये जातात. एप्रिलमध्ये सवडीनं येणारी ब मध्ये. आणि जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर, कधी जुलैतसुद्धा, ज्यांची खोली बदललीय, जी गावाहून आत्ता परत आलीत, ज्यांचा बाप शिरोलीच्या फाउंड्रीत पाळीला असतो आणि आई चार घरची भांडी करते, ती क मध्ये. कारण जागा तिथंच शिल्लक असते.

कुणीच ठरवलं नव्हतं. रांग ठरवत होती. आणि आम्ही स्टाफरूममध्ये "क ची पोरं जरा मंदच असतात" म्हणत चहा पीत होतो. मीही म्हणालेय, नाही असं नाही.

मोठ्या बाईंना सांगितलं तर त्या नुसत्या "हं" म्हणाल्या आणि कपाटातून जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा काढून माझ्यासमोर ठेवला. "पाठकोऱ्या आहेत. कापा."

एप्रिलअखेर नव्वद मुलांची नावं आली होती. नव्वद पत्रिकांचे तुकडे. मुलींना लाल शाई, मुलांना निळी. वर नाव आणि जन्मतारीख, खाली बालवाडी-अंगणवाडी झालीय का, घरची भाषा, भावंड शाळेत आहे का. आणि सगळ्यात खाली शाळापूर्व तयारीच्या मेळाव्यात काय दिसलं ते. या मेळाव्यात टेबलं मांडलेली असतात. एका ठिकाणी उड्या मारायच्या, एका ठिकाणी चित्र बघून गोष्ट सांगायची, एका ठिकाणी वस्तू लहान-मोठ्या लावायच्या. मूल आईचा हात धरून टेबलामागून टेबल फिरतं. आम्ही बघून टिपण करायचं.

टिपणाबाबत मोठ्या बाईंचा एकच दंडक होता. विशेषण लिहायचं नाही. मी एका कार्डावर 'खोडकर' लिहिलं होतं, ते त्यांनी परत केलं. "काय केलं ते लिहा." मग मी लिहिलं, 'मणी सगळे ओवले, शेजारच्या मुलाला एकही दिला नाही.' आणखी एकीचं आठवतं. छोटी चण, दोन वेण्या, त्यातली एक सुटलेली. लहान-मोठे डबे उतरंडीसारखे रचायचे होते. तिनं रचले, मग सगळ्यात वरचा काढून हातात घेतला आणि टेबलावरच्या ताईला म्हणाली, "ह्याला झाकण न्हाई." सगळ्या मेळाव्यात ते दुसऱ्या कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. ताईंनी नियमाप्रमाणं 'रचना पूर्ण केली नाही' असं लिहून ठेवलं होतं. मी कार्डावर झाकणाचं लिहिलं.

सगळ्यात उपयोगी माहिती मात्र मेळाव्यातून नाही, अंगणवाडीच्या ताईंकडून मिळाली. मी चार अंगणवाड्यांत जाऊन आले. एक ताई दोन कार्डं हातात घेऊन म्हणाल्या, "ही दोघं एका खोलीत नकोत बाई. एकेकटी देवमाणसं आहेत. दोघं मिळून गेटावर चढतात."

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात हॉलच्या फरशीवर कार्डं मांडायला बसलो, मी आणि एक तरुण सर. पंखा बंद ठेवावा लागला, पत्रिका उडायच्या. मुली वेगळ्या, मुलगे वेगळे. मग प्रत्येकात तीन ढीग: ज्यांना सुरुवातीला जास्त हात द्यावा लागेल ते, मधले, आणि तयारीनं आलेले. आता वाटायचं. सरांनी पत्ते वाटल्यासारखं सुरू केलं, अ, ब, क, परत अ, ब, क. मी थांबवलं. गल्लीत क्रिकेटचे गडी निवडताना पहिला कॅप्टन दर वेळी आधी उचलायला लागला तर दुसरा खेळेल का? म्हणून नागमोडी वाटायचं. अ, ब, क झालं की क, ब, अ. ज्यानं पहिला उचलला त्यानं पुढच्या खेपेला शेवटी उचलायचं.

एका तासात तीन सुरेख गठ्ठे झाले, तीस-तीसचे. चौदा मुली, चौदा मुली, तेरा मुली. आम्ही चहा मागवला. चहा येईपर्यंत जन्मतारखा वाचत बसले तर एका गठ्ठ्यात ऑक्टोबर ते डिसेंबरमधली अकरा पोरं, दुसऱ्यात तीन. पहिलीला ३१ डिसेंबरपर्यंत सहा पूर्ण होणारं मूल चालतं. म्हणजे डिसेंबरातलं पोर जूनमध्ये जेमतेम साडेपाच वर्षांचं, आणि त्याच बाकावर जानेवारीतलं साडेसहाला टेकलेलं. आपल्याला वर्ष म्हणजे काही नाही. त्या वयात वर्ष म्हणजे चड्डीची गुंडी स्वतः लावता येणं आणि न येणं.

मग अदलाबदल. डिसेंबरचा एक उचलून तिकडं टाकला तर गेटवर चढणारी जोडी एकत्र आली. ती फोडली तर एकाच घरातली चुलत भावंडं लांब गेली, आणि त्यांना घ्यायला येणारी आजी एकच, तिला जिना चढवत नाही. एक दोरा ओढला की तीन सुटायचे. संध्याकाळी सात वाजता सर म्हणाले, "बाई, भाऊंचं रजिस्टरच बरं होतं." मलाही तसंच वाटत होतं.

तीन दिवस लागले. शेवटी प्रत्येक तुकडीत तीसच मुलं लावली आणि दोन-दोन जागा मुद्दाम कोऱ्या कार्डांच्या ठेवल्या, जूनमध्ये येणाऱ्यांसाठी. शिक्षण हक्क कायदा २००९ चा आहे. त्यात मूल वर्षाच्या मध्ये आलं तरी दाखल करून घ्यावंच लागतं, दाखल्यासाठी अडवता येत नाही. कायद्यानं घ्यायचं तर तिन्ही वर्गांनी घ्यायचं, एकट्या क नं का?

मुलं झाली, आता बाई. मोठ्या बाईंनी तिन्ही गठ्ठे पाकिटांत घातले आणि अक्षर घातलंच नाही. वर्गशिक्षक चिठ्ठीनं ठरणार आणि खोलीही चिठ्ठीनं. ज्येष्ठ बाई त्या दिवशी खूप बोलल्या. बावीस वर्षं त्यांनी अ घेतली होती. त्यांचं म्हणणं मी इथं नीट लिहिते, कारण ते निव्वळ मानापमानाचं नव्हतं. "लोक माझं नाव ऐकून पोरं घालतात इथं. माझी तुकडी मिळणार नाही कळलं तर ती इंग्रजीला जातील. पट पडला तर पहिलं कुणाचं पद जाईल?" हे खरंच होतं. ३० सप्टेंबरचा पट धरून संचमान्यता होते, म्हणजे शाळेत शिक्षकांची पदं किती ते ठरतं. कायद्यात पहिली ते पाचवीला दोनशेच्या वर पट असेल तर चाळीस मुलांमागं एक शिक्षक हा हिशेब, आणि मुलं कमी भरली की कुणीतरी अतिरिक्त ठरून समायोजनाच्या यादीत जातो. प्रत्येक शाळेत ही भीती भिंतीच्या ओलीसारखी असते, वरून रंग दिला तरी. अ तुकडी चांगली दिसणं ही शाळेची जाहिरात होती. त्याची किंमत क देत होती, एवढंच मला आता दिसत होतं.

मोठ्या बाई म्हणाल्या, "पट मी बघते. चिठ्ठी उचला."

शिपाईमामांनी डबा धरला. जेवणाचाच डबा, घासून आणलेला. माझ्या हातात दुसरं पाकीट आणि बोळाकडची खोली आली. तिसऱ्या बाई बीएलओ होत्या, मतदारयादीच्या कामाला त्यांना वरचेवर जावं लागायचं, म्हणून त्यांना ऑफिसला लागून असलेली खोली मिळाली तर बरं, असं मनात म्हणत होते आणि तीच निघाली. ज्येष्ठ बाईंना निघाली पत्र्याची खोली.

पत्र्याची खोली म्हणजे माझी खोली. मूळ कौलारू इमारतीला मागून जोडलेली. सोळा पावसाळे मी तिथं काढले. कोल्हापूरचा जुलैचा पाऊस त्या पत्र्यावर सुरू झाला की 'ग गवताचा' ओरडून सांगावं लागतं आणि पोरांना 'ख' ऐकू येतो. मग मी शिकवणं थांबवून चित्रं काढायला लावायचे. क ची मुलं वाचनात मागं का राहतात, याला हेही एक उत्तर आहे, पण ते कुठल्या तक्त्यात बसत नाही. वरून सीलिंग करून द्या म्हणून मी तीनदा अर्ज दिला होता. निधी नव्हता.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागला. ज्येष्ठ बाई दोन दिवस त्या खोलीत बसल्या. तिसऱ्या दिवशी संस्थेच्या ऑफिसात गेल्या, आणि पंधरवड्याच्या आत पत्र्याखाली सीलिंग बसलं. मी खोलीत जाऊन वर बघत उभी राहिले. आवाज पार गेला नव्हता, पण 'ग' हा 'ग' ऐकू येत होता. राग आला की हसू, सांगता येत नाही. त्या स्वतःच म्हणाल्या, "कशी गं राहिलीस इतकी वर्षं?" सोळा वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदाच अगं-तुगं केलं.

पण हे जुलैचं झालं. त्याआधी जूनमध्ये याद्या लागल्या त्या दिवसाचं सांगायला हवं. तुकड्यांना अक्षरंच नकोत, असं ठरवून मोठ्या बाईंनी पंचगंगेच्या नद्यांची नावं दिली होती. कासारी, कुंभी, तुळशी. भोगावती शिल्लक ठेवली, कधी चौथी तुकडी झालीच तर. दारावर निळ्या अक्षरांत पाट्या. दहा मिनिटांत एक आई माझ्याजवळ आली. "बाई, कासारी म्हणजे अ न्हवं?"

माजी नगरसेवकांची चिठ्ठी आली. (त्या वेळी शहरात सगळेच नगरसेवक माजी होते, निवडणूक रखडलेली.) जुळ्या भावांचा प्रश्न आला. आई म्हणे एकत्र ठेवा, वडील म्हणे वेगळे करा. मेळाव्यात एकाला नाव विचारलं की दुसरा सांगायचा, म्हणून मीच त्यांना वेगळं केलं होतं. गप्प राहणारा बोलता होईल असं वाटलं. तो बोलता झाला का माहीत नाही, पहिल्या दिवसापासून मजेत होता. कोलमडला तो बडबड्या. कुणासाठी बोलायचं तेच त्याला कळेना. महिनाभर डबा उघडायचा नाही. शेवटी मधल्या सुट्टीत दोघांना व्हरांड्यात एकत्र बसवायला लागलो, तेव्हा जेवला.

आणि एक गृहस्थ आले. नीटनेटका शर्ट, बोलणं मऊ. त्यांना तुकडी बदलून नको होती. एका विशिष्ट वस्तीतली मुलं आपल्या मुलीच्या बाकावर नकोत, एवढंच. "तसं आमचं काही नाही, पण सवयी लागतात." ते बोलत होते ती खुर्ची बरोबर शाहू महाराजांच्या फोटोखाली. महाराजांनी १९१७ ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं नि मोफत केलं, मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला, आणि १९१९ ला अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सगळ्यांबरोबर बसवायला लावलं. दर २६ जूनला मुलांच्या भाषणात ही वाक्यं मीच लिहून देते. त्या गृहस्थांच्या थोरल्या मुलानं तेच भाषण करून बक्षीस घेतलेलं होतं. मी काहीच बोलले नाही. मोठ्या बाई म्हणाल्या, "आमच्याकडं बाक दर सोमवारी बदलतो. वर्षभरात सगळ्यांशेजारी सगळे बसून होतात." मग घंटा झाली आणि त्या उठल्या.

माझी खरी चूक कुणीच दाखवली नाही, ती मला ऑगस्टमध्ये सापडली. घरी कानडी बोलणारी तीन मुलं होती. मी फार समतोल साधून तिन्ही तुकड्यांत एकेक टाकली होती. कागदावर किती छान! माझ्या वर्गातली मुलगी, बाप बेळगावकडून फाउंड्रीत आलेला, जुलैभर खिडकीशी बसून होती. पाटीवर सगळं उतरवायची, बोलायची काही नाही. एकदा पाणी पिण्याच्या सुट्टीत ती नळावर दिसली. शेजारच्या वर्गातल्या मुलाशी हातवारे करत, हसत, भरभर कानडीत काहीतरी सांगत होती. पाठीमागं रांग खोळंबली होती आणि तिला फिकीर नव्हती. नळ तसाच वाहत होता. मी तो बंद करायलाही विसरले.

वाटून टाकणं म्हणजे समान करणं, असं मी धरून चालले होते. दोन मुलं एकमेकांची भाषा बोलणारी असतील तर ती एका खोलीत हवीत, हे सोळा वर्षं पोरं सांभाळलेल्या बाईला कळू नये? मोठ्या बाईंकडं गेले. तो मुलगा माझ्याकडं आला, माझ्याकडचा एक तिकडं गेला. ज्याला पाठवला त्याच्या आईनं मला रस्त्यात अडवून विचारलं, "आमच्याच पोरानं काय केलं हुतं?" त्याचं धड उत्तर मला देता आलं नाही.

सप्टेंबरअखेर पहिलीचा पट पंच्याण्णव होता. सात मुलं उशिरा आली, दोन-दोन सगळीकडं आणि सातवं माझ्याकडं. इंग्रजीला कुणी गेलं नाही असं नाही, दोघं गेले. एक ज्येष्ठ बाईंच्या वर्गातला, एक माझ्या. पद गेलं नाही. हजेरीपत्रकावर अजून अ, ब, क च आहे, कारण छापील पत्रकात तेवढीच जागा असते.

यंदा पाडव्याला नाव घालायच्या टेबलावर मला बसवलं होतं. पहाटे पावणेपाचला गेट उघडलं तर पहिली बाई शाल गुंडाळून पायरीवर बसलेली, मांडीवर फाइल, शेजारी थर्मास. मला बघून उठली.

"मी तीन वाजता आलो बाई. पैला नंबर हाय. म्हंजे कासारी मिळंल न्हवं?"

मी दाखला हातात घेतला, जन्मतारीख बघितली. अठ्ठावीस डिसेंबर.

"घरात जुन्या लग्नपत्रिका आहेत का हो, मावशी?" मी विचारलं.